तिसऱ्या रात्री तो रडलाच नाही

"ताई, मी डिचोलीची. मुलगा सात महिन्यांचा. रजा संपून महिना झाला, रोज पणजीला जाऊन-येऊन नोकरी करते. सासूबाई म्हणतात, तुझं टेन्शन दुधातून पोरात उतरतं, म्हणून ते किरकिरतं. जावेच्या सांगण्यावरून त्याला रात्री पाळण्यात एकट्यालाच रडू दिलं. तिसऱ्या रात्री तो रडलाच नाही. घरात सगळे खूश. मग मोबाईलवर वाचलं, की बाळ गप्प झालं तरी त्याच्या अंगातला ताण तसाच राहतो. तेव्हापासून मला झोप नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडते. मी त्याचं वाटोळं केलं का?"

नाही गं बाय. तीन रात्रींत तुझं आणि त्याचं काही मोडलेलं नाही.

तू जे वाचलंस, तो अभ्यास न्यूझीलंडमधला, २०१२ साली छापून आलेला. चार ते दहा महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आया, अवघ्या २५ जोड्या. दोघांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. पहिल्या रात्री बाळं रडली, तेव्हा आई आणि बाळाचे आकडे जोडीने चालत होते. तिसऱ्या रात्री रडणं थांबलं, आयांचं कॉर्टिसॉल उतरलं, बाळांचं मात्र उतरलं नाही. आईला वाटलं लेकरू निवांत आहे, लेकराच्या अंगात तसं नव्हतं. वाचून काळजात चर्र होणारच. पण ती बाळं परक्या जागी होती, त्यांना निजवत होत्या नर्सेस, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढे २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ बाळांवर तपासलं, तेव्हा थोडा थोडा वेळ वाढवत रडू देण्याने कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं नाही आणि वर्षभरानंतर आईशी असलेल्या नात्यातही फरक नव्हता. मी स्वतः रडू देण्याच्या बाजूची नाही. पण त्या एका अभ्यासावरून स्वतःला आरोपी करून घेऊ नकोस.

आता सासूबाईंचं म्हणणं. कॉर्टिसॉल थोडं दुधात असतंच, प्रत्येक आईच्या. तेच सकाळी आपल्याला अंथरुणातून उठवतं, ते काही विष नव्हे. दूध मुळीच तोडू नकोस. ताण बाळापर्यंत पोचतो हे मात्र खरं, आणि त्याला दूधच लागतं असं नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगात आयांना कपाळाला आठ्या घालून बसलेल्या परीक्षकांसमोर बोलायला लावलं. बाळं तेव्हा दुसऱ्या खोलीत होती. परत आईच्या मांडीवर दिल्यावर थोड्याच वेळात बाळांच्या हृदयाचं कामही आईसारखंच बदललं. तुझा आवाज, तुझ्या हाताची पकड, छातीची धडधड यांतून त्याला कळतं. बसमधून उतरून, भिजलेली साडी सावरत, दारातच "आज दोनदा ओकला" हे ऐकून तू त्याला उचलतेस ना, तेव्हा त्याची मूठ तुझ्या मंगळसूत्राला किती घट्ट बसते ते बघ.

पण हाच दोर उलटाही ओढता येतो. तू सैल झालीस की तोही सैल होतो. आणि चोवीस तास जुळलेलं कुठल्याच मायलेकरांचं नसतं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आई-बाळांना समोरासमोर बसवून बारकाईने पाहिलं, तेव्हा चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ निघाला जेमतेम तीस टक्के. बाकी सगळं चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं. बाळ त्या जुळवण्यातूनच शिकतं.

म्हणून घरच्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. ताण देणारी घटना संपली तरी लाळेतलं कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांनी चढतीवर असतं. ती घरी आली की पहिला अर्धा तास तक्रारी सांगू नका, पीठ मळायला लावू नका. हातपाय धुऊ द्या, पेज द्या, मग लेकरू मांडीवर द्या. रात्रीची एक पाळी बापाने घ्यावी. पावसात न वाळलेले लंगोट इस्त्रीने वाळवायचं कामही त्याला जमतं.

आणि ते बसमधलं रडणं. ते मला बाळाच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं. म्हापशाच्या एका इस्पितळात बाळंत झालेल्या आयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि पुष्कळजणींचं सहा महिन्यांनंतरही टिकून होतं. गरिबी, नवराबायकोतली ओढाताण, मुलगी झाल्याचा घरातला राग ही कारणं तेव्हाच दिसली होती. म्हणजे हे तुझ्या मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही, हा उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखव. रात्री-बेरात्री १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लागतो, फुकट. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं कधी मनात आलं, तर सकाळची वाट न बघता घरच्यांना उठव आणि इस्पितळ गाठ.

आज रात्री तो उठला तर घे त्याला जवळ. आणि बांबोळीला एकटी जाऊ नकोस, नवऱ्याला रजा टाकायला लाव.