लेकराचा दिवस बसच्या टायमावर

पत्र लांब होतं, कामाचं तेवढं ठेवलंय:

"मावशी, आम्ही हिंगणघाटपासून वीसेक किलोमीटर आत राहतो. कोरडवाहू वावर आहे, कापूस-सोयाबीन. पोरगा आठ वर्षांचा, तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये तिसरीत आहे. पावणेसातला फाट्यावर बस येते, शाळा सव्वाआठची. साडेतीनला सुटते पण सोडत नाहीत, पाचपर्यंत अ‍ॅक्टिव्हिटी कम्पल्सरी. कराटे, स्केटिंग, अबॅकस, डान्स, ढोल-ताशा, एकेक वार लावून दिलाय. घरी यायला सव्वासहा, मग सात वाजता गावातल्या मॅडमकडे ट्युशन. जेवता जेवता ताटावरच झोपतो. रविवारी संध्याकाळ झाली की पोट दुखते म्हणतो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, त्याच दिवशी कराटेच्या बेल्टची परीक्षा ठेवली, आजोबानं रंगवलेला लाकडी बैल तसाच राहिला. त्या रात्री मला विचारते, आई, मले सुट्टी कधी लागन? सासू म्हणते, पोट्ट्याले मारता का तुमी. हे म्हणतात, आपण नाही शिकलो, त्याला तरी शिकू दे, एवढी फी भरलीय. शाळेत विचारलं तर प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, ऑप्शनल नाही, ऑलराउंड डेव्हलपमेंट आहे. मीच जास्त लाड करते का? काढून गावच्या जिल्हा परिषदेत टाकू का? – एक आई"

पोरी,

लाड-बिड काही नाही, ते आधी डोक्यातून काढ. पावणेसातला निघालेलं लेकरू सव्वासहाला घरी येतं म्हणजे साडेअकरा तास झाले, तुमच्या वावरात निंदणाला येणारी बाई दहाला येते न पाच वाजले की खुरपं ठेवून घरी जाते, तिला कोणी म्हणत नाही की बाई तुझी ऑलराउंड डेव्हलपमेंट व्हायची आहे, थांब अजून दीड तास. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला ९ ते १२ तास झोप पाहिजे असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुझा पोरगा साडेपाचला उठत असेल तर साडेआठला तो अंथरुणात पाहिजे, आणि त्या टायमाला तर तो ट्युशनवरून येऊन ताटावर डुलक्या घेत असतो.

पोटाचं एकदा डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नको. पण दिवाळीच्या सुट्टीत कधी दुखलं होतं का ते आठव, आणि नसेल दुखलं तर डॉक्टरला तेही सांग.

आता थोडं तुलाच बोलते, रागावू नको. सात वाजताची ट्युशन काही शाळेनं लावलेली नाही, ती तू लावलीस. केंद्र सरकारचं २०२० चं स्कूल बॅगचं धोरण आहे, त्यात दुसरीपर्यंत होमवर्कच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला, दिवसाला नाही हो, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं लिहिलंय. मग तिसरीतल्या पोराला रोज संध्याकाळी ट्युशन कशासाठी? मला माहीत आहे कशासाठी, त्याची इंग्लिशची वही उघडली की तुला धाक वाटतो, आपल्याला समजत नाही तर हा मागे पडेल असं वाटतं. साऱ्या गावखेड्यातल्या आयांना वाटतं. पण शाळेत जाऊन भांडायच्या आधी घरातलं जे तुझ्या हातात आहे ते कर, उद्यापासून ट्युशन बंद, फार तर रविवारी सकाळी तासभर जाऊ दे. शाळा ऐको न ऐको, एक तास तर उद्याच मोकळा होतो. आणि मोकळा झाला म्हणून हातात मोबाईल देऊ नको, आजोबाच्या मागे गोठ्यात फिरू दे, पोट्ट्यांसोबत आट्यापाट्या खेळू दे, नुसता बसला तरी बसू दे.

आता शाळेचं. तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं खरी गाठ कराटेत नाहीच, गाठ बसमध्ये आहे. शहरातली आई काय करते, साडेतीनला स्कूटी घेऊन गेटवर उभी राहते, आज पोटात दुखतंय म्हणून घेऊन जाते मॅडम म्हणते, संपलं. तिच्यासाठी कम्पल्सरी म्हणजे कागदावरचं कम्पल्सरी. तुमच्याकडे मात्र बस एकदाच सुटते, पाचनंतर. शाळेनं उद्या म्हटलं की बरं, नका बसवू स्केटिंगला, तरी तो दीड तास तिथेच कुठेतरी पायरीवर बसून काढणार, कारण आठ वर्षांच्या पोराला तू एकट्याला एसटीत किंवा काळीपिवळीत बसवणार नाहीस, आणि बसवूही नको. म्हणून "माझ्या मुलाला सूट द्या" हे मागून उपयोग नाही. तू एकटी गेलीस तेव्हा मॅडमनं एका वाक्यात वाटेला लावलं ते त्यामुळेच, एका लेकरासाठी कोणी बस सोडत नाही.

मागायचं असं की अ‍ॅक्टिव्हिटी आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, समजा मंगळवार आणि शुक्रवार, आणि बाकीचे दिवस बस पावणेचारला सोडा. त्या दोन दिवसांत मुलांनी आपल्या आवडीचं एक किंवा दोन निवडायचं. शाळेला यात काही जास्तीचा खर्च नाही, बसची फेरी तेवढीच राहते, आणि कराटेचे सर, स्केटिंगचे सर बाहेरून येत असतील तर त्यांच्या चकरा वाचतात. हे एकटीनं नको मागू, रूटनं माग. ड्रायव्हर काकांना विचार तुमच्या रूटवर कोणत्या गावची किती पोरं आहेत, त्यांना सारं तोंडपाठ असतं, कोणतं लेकरू बसमध्ये झोपतं न कोणतं उलटी करतं तेही सांगतील. त्या आयांना फोन लाव, पाचसहा जणी जरी तयार झाल्या तरी बस झालं. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी नुसतं सोबत बसायचं, आणि ज्यांच्या पोरांना स्केटिंग आवडतं त्यांनाही सोबत घ्या, कोणाचं काही बंद करायला आपण जात नाही आहोत.

मॅडम कदाचित नवीन शैक्षणिक धोरण काढतील, २०२० चं. की त्यात कला-खेळ आणि अभ्यास असा भेद ठेवू नका म्हटलंय. बरोबर आहे, म्हटलंय. पण त्याच धोरणात हेही आहे की मुलांना निवडता आलं पाहिजे, लवचिकता पाहिजे. हसून एवढंच म्हण, मॅडम, मग निवडू द्या ना.

आणि एक, खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, २०११ च्या महाराष्ट्राच्या फी नियमन कायद्यानं तो करावाच लागतो आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सभासद असतात. त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, फीचा प्रस्ताव तिच्यापुढे जातो. तुमच्याकडे ती समिती कोणाची आहे हे विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी आईबापांना आपण त्यात आहोत हेच माहीत नसतं. अ‍ॅक्टिव्हिटीचे पैसे, बेल्टचे पैसे, ड्रेसचे पैसे वेगळे घेत असतील तर पावती मागा, कशाचे किती ते लिहिलेली.

सकाळच्या वेळेचंही सांगून ठेवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं जीआर काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, सगळ्या माध्यमांना, खासगीलाही. तुझा तिसरीत आहे म्हणजे त्यात बसतो. अडचण असेल तर शाळेनं शिक्षणाधिकाऱ्याकडे जायचं असतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळची शाळा करतात ते वेगळं, ४४-४५ डिग्रीत दुपारी कोणाला बसवता. पण हा मुद्दा पहिल्या मीटिंगमध्ये टेबलावर आपटू नको असं माझं मत आहे. मोठ्या वर्गाची पोरं त्याच बसनं येतात, सकाळचा टाइम हलवायचा तर साऱ्या शाळेची घडी हलते, मॅडम लगेच अडून बसतील आणि तुमचं साडेतीनचंही जाईल. तो खिशात ठेवा. दोन महिन्यांत काहीच झालं नाही तर काढा, मग लेखी.

तसं लेखी तर आत्ताही द्यायचं. मराठीत दे, इंग्लिशची लाज धरून थांबू नको. एवढं पुरे: "आम्ही खाली सह्या करणारे अमुक बस रूटचे पालक. आमची मुले रोज अकरा तासांपेक्षा जास्त वेळ घराबाहेर असतात व त्यांची झोप पूर्ण होत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी आठवड्यातून दोन दिवस ठेवून इतर दिवशी बस पावणेचारला सोडावी, तसेच मुलांना अ‍ॅक्टिव्हिटी निवडू द्यावी, आणि सणाच्या दिवशी परीक्षा ठेवू नये, ही विनंती." खाली सह्या न पोरांचे वर्ग. शेवटची ओळ मी मुद्दाम टाकलीय. वर्धा जिल्ह्यात राहून तान्ह्या पोळ्याला परीक्षा ठेवायची म्हणजे हद्द झाली, सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला लोक कुठून कुठून येतात आणि आपलं लेकरू त्या दिवशी पट्टा बदलायला हॉलमध्ये रांगेत उभं.

मी अ‍ॅक्टिव्हिटीच्या विरोधात आहे असं समजू नको. हातानं काम करता करता शिकायचं ही गोष्ट तर तुमच्याच वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडली, सेवाग्राम काही तुला दूर नाही. पण सूत कातणं, भाजी लावणं हे त्या पोरांच्या घरादाराशी जुळणारं होतं. तुझ्या पत्रात एक ओळ होती, स्केटिंगचे बूट फवारणीच्या पंपाशेजारी खुंटीला टांगलेले आहेत कारण गावात ते चालवायचे कुठे, रस्त्यानं तर ट्रॅक्टर चालतात. ते वाचून मला हसू आलं आणि रागही आला. आणि दुसरी ओळ, तो ताटली घेऊन ढोलाचा ठेका वाजवत असतो. मग ढोल ठेव ना बाई! पोरालाच विचार, दुसरं काय ठेवायचं ते तो सांगेल.

नवऱ्याशी फीच्या हिशोबानं वाद घालू नको, त्यात तू हरशील, कापूस विकून पैसे भरलेत त्यानं आणि त्याची तळमळ खोटी नाही. फक्त एक आठवडा संध्याकाळी फाट्यावर त्यालाच पाठव लेकराला आणायला. काही बोलायचं नाही, टोमणा मारायचा नाही, नुसतं पाठवायचं. बसच्या पायरीवरून कसं उतरतं ते लेकरू, दप्तर कोण उचलतं, गाडीवर मागे बसल्या बसल्या डोकं कसं पाठीला टेकतं, हे त्यानं अजून पाहिलेलं नाही, कारण तो वावरातून येतो तेव्हा पोरगा झोपलेला असतो. त्यानंतर अर्जावर पहिली सही त्याची घे. शाळेत बापाची सही असली की जास्त ऐकतात, चूक आहे पण आहे तसं आहे. सासूबाई तर तुझ्याच बाजूच्या आहेत, त्यांना फक्त म्हण की हे पोरासमोर बोलू नका, त्याला वाटतं घरात भांडण आपल्यामुळे होतं.

जिल्हा परिषदेचं विचारलंस. रागात आणि वर्षाच्या मधात काढू नको. पण शाळेत एक चक्कर मारून ये, गुरुजींना भेट. तिथेही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, लोक उगाच समजतात की जिल्हा परिषद म्हणजे इंग्रजी नाहीच. काही शाळा इतक्या छान आहेत की बघत राहावं, आणि काही ठिकाणी दोन गुरुजी चार वर्ग सांभाळतात न त्यातला एक कायम मीटिंगला. तुमच्या गावची कोणती आहे हे मी इथे बसून नाही सांगू शकत. चौथीतल्या दोन पोरांना वाचायला लाव, तुला पाच मिनिटांत समजेल. शाळेनं उन्हाळ्यापर्यंत काहीच केलं नाही तर जूनमध्ये निर्णय घे, आपल्याकडे विदर्भात शाळा तशाही उशिरा उघडतात, विचार करायला वेळ मिळतो.

अर्ज दोन प्रतींत ने, एकीवर शिक्का न तारीख मारून परत घे, आणि ऑफिसमधले क्लार्क म्हणाले की ठेवून जा, देतो नंतर, तर तिथेच खुर्चीवर बसून राहा.

– मावशी