क्रेडिट कार्डाची 1 लाख थकबाकी आणि गृहकर्ज आहे. आधी काय फेडावं? घरी भाजी लावून बचत होते का?

आधी कार्ड, यात वादच नाही. महिना 3.5 टक्के दराने 1 लाखावर 3,500 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 630. तुम्ही 5,000 भरलेत तरी मुद्दल फक्त 870 रुपयांनी कमी होते. थकबाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही, म्हणून ते कार्ड वापरणं आजच बंद करा. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज घेऊन कार्ड एकरकमी मिटवा. व्याज बरंच कमी पडतं. पण सुटलेलं कार्ड पुन्हा घासलं तर दोन कर्जं होतात, आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

गृहकर्जाचा हप्ता चुकवू नका. कार्ड संपल्यावर जादा रक्कम तिकडे वळवा आणि हप्ता नव्हे, मुदत कमी करायला लेखी सांगा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही.

भाजीने कर्ज फिटत नाही, महिन्याला काहीशे रुपये वाचले तर वाचले. त्यामुळे महागड्या कुंड्या घेऊ नका. फळांचे जुने क्रेट, आत गोणपाट, वर 15 सेंटिमीटर माती-शेणखत पुरे. मेथी महिन्याभरात काढता येते. धणे रगडून दोन फाकी करूनच पेरा, अख्खे उशिरा उगवतात. कडक उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर येते, तेव्हा तिला सावलीत ठेवा. पाणी घालायचं काम मुलांकडे द्या, आवडीने करतात.