हार्ड डिस्क की क्लाउड? आधी डिस्क घ्या

लॅपटॉपवर ४०० जीबी फोटो आहेत, त्यांचा बॅकअप (म्हणजे जपून ठेवायची दुसरी प्रत) हार्ड डिस्कवर घ्यावा की क्लाउडवर (इंटरनेटवरच्या जागेत), असं विचारता? मग सुरुवात एक्स्टर्नल हार्ड डिस्कनेच करा. १ टीबीची पुरे. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेलसकट. आणि २० एमबीपीएस अपलोडने ४०० जीबी चढवायला जवळजवळ दोन दिवस लागतात. डिस्कवर तेच काम काही तासांत उरकतं.

पण डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. माझी बॅग एकदा प्रवासात राहिली, दोन्ही एकदमच गेले! म्हणून जे पुन्हा मिळणारच नाही (घरचे फोटो, प्रबंध, हिशेब) तेवढं ऑनलाइनही ठेवा. सिनेमे नकोत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फाइल कॉपी न करता डिस्कवर हलवतात. प्रत एकच उरली, तर बॅकअप कसला?
- सिंकलाच (लॅपटॉप आणि ऑनलाइन जागा आपोआप सारखी ठेवणं) बॅकअप समजतात. लॅपटॉपवर उडवलेली फाइल गूगल ड्राइव्हवरूनही उडते. ती ट्रॅशमध्ये ३० दिवस असते, पण तोवर लक्षात यायला हवं ना.
- डिस्क कायम जोडलेली ठेवतात. रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं की तीही कुलूपबंद.

बॅकअपसाठी विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, मॅकवर टाइम मशीन. वेगळं सॉफ्टवेअर सध्या नको. एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) वगैरे पुढे बघू. या रविवारी पहिली कॉपी काढा आणि दोन-चार फाइली डिस्कवरूनच उघडून बघा.