दीड वर्षाचं मूल चार घास खाऊन तोंड फिरवतं, त्याचं पोट भरत असेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 18 महिन्यांचा आहे, वर्षाचा होईपर्यंत आवडीने खायचा आणि आता चार घासांत तोंड फिरवतो, मग त्याच्या मागे मागे फिरण्यात तास जातो आणि शेवटी तुम्हालाच रडू येतं. माझी मुलगी याच वयात अगदी हेच करायची, त्यामुळे तुमची घालमेल मला चांगलीच कळतेय.

आधी एक सांगते, जे मला फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे 3 किलोचं बाळ 9 किलोच्या आसपास जातं, पण दुसऱ्या अख्ख्या वर्षात वाढतं ते 2 ते अडीच किलोच. वाढीचा वेगच एवढा उतरला की भूक पण उतरणार ना. शिवाय या वयाला एका वेळेला एका पदार्थाचे एक-दोन मोठे चमचे पुरतात, आणि मी मात्र वाटी भरून घेऊन बसायचे आणि ती रिकामी झाली नाही की उपाशी राहिली म्हणून जीव टांगणीला.

मग मी मोबाइल लावायला लागले, ती बघण्यात गुंग झाली, तोंड जरा उघडलं की चमचा आत. एकदा जेवणानंतर चांगल्या तासाभराने तिचं तोंड धुवायला घेतलं तर गालातून घास निघाला, तसाच्या तसा, न चावलेला, मऊ गोळा. बिचारी एवढा वेळ तो धरून बसली होती, आणि मला वाटत होतं आज छान जेवली. त्या दिवशी मोबाइल बंद केला.

डॉक्टरांनी सांगितलं आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहा, बिस्किटाचा तुकडा पण सोडू नका. लिहिलं तेव्हा दिसलं की दूधच रोज 800 मिलीच्या वर जात होतं, त्यातल्या दोन बाटल्या रात्री झोपेत. पोटात जागाच कुठे उरणार? वर दुधात लोह जवळपास नसतंच, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं आणि औषध सुरू झालं. मग दूध 400 ते 500 मिलीवर आणलं, तेही खाणं झाल्यावर आणि कपातून, तीन जेवणं आणि मध्ये दोनदा थोडं खाणं, बाकी वेळ फक्त पाणी. पहिले चार दिवस खूप रडली, मीही रडले, पण दोनेक आठवड्यांत स्वतःच्या हाताने खायला लागली.

त्याच वहीत हेही दिसलं की एखाद्या दिवशी ती काहीच खायची नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सलग दोन केळी. संशोधक लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये लहान मुलांचं खाणं मोजलं होतं, एकेका जेवणात ते खूप वरखाली होत होतं पण दिवसाची एकूण बेरीज बरीच एकसारखी निघाली, म्हणून एका जेवणावरून काही ठरवू नका. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जी वाटणी सांगितलीय ती मला सगळ्यात कामाला आली: काय, कधी आणि कुठे द्यायचं हे आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, न रागावता, बस. नवीन पदार्थ नाकारला तर काही दिवसांनी परत थोडासा ठेवायचा, काहींना दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर चव लागते.

आता खरी काळजी कधी करायची ते. वजन कमी झालं, किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढीच्या तक्त्यावर त्याची रेष सतत खाली घसरत असेल, लघवी कमी होतेय, मलूल किंवा फिकट दिसतो, सारखी उलटी, गिळताना ठसका, मऊ सोडून दुसरं काही तोंडात धरतच नाही, यातलं काहीही असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. पण खेळतोय, धावतोय आणि रेष तिच्या जागी चाललीय, मग ती खालच्या बाजूची का असेना, तर त्याचं पोट भरतंय. तक्ता पुढच्या वजनाच्या वेळी बघालच, तोपर्यंत दुधाचा हिशोब काढा, अंदाजाने नाही, बाटलीवरच्या खुणा बघून आणि रात्रीचं धरून.