बालीचा डोंगर आणि चौदा हजारांचा हप्ता

प्रश्न : आम्ही नाशिकचे. मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून हातात महिना 1,08,000 रुपये येतात. मुलगी आठवीत आहे. तिला पक्षी आणि ज्वालामुखी यांचं वेड आहे, म्हणून डिसेंबरअखेरीस बालीची आठ रात्रींची सहल ठरवतोय. टूरवाल्यांचं पॅकेज तिघांचं 3,30,000, वर 5 टक्के टीसीएस (विकतानाच कापला जाणारा आगाऊ कर) आणि व्हिसा वेगळा. सहलीसाठी साठवलेले 50,000 आहेत. उरलेल्या 3 लाखांचं 14 टक्क्यांनी 24 महिन्यांचं कर्ज तेच मिळवून देतात. घरकर्जाचा हप्ता 24,000, घरखर्च 48,000, मुलीच्या शिक्षणाची एसआयपी 15,000 आणि विम्याचे 4,000 गेल्यावर 17,000 उरतात, म्हणजे हप्ता बसतो. कर्ज घ्यावं, 2,60,000 ची एफडी मोडावी, की मुलीच्या फंडातून काढावेत? 30 सप्टेंबरपर्यंत बुकिंग करायला सांगितलंय.

उत्तर : नमस्कार. बालीला जरूर जा. मुलगी आठवीत आहे, पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. तुमच्याकडे एकच मोकळी सुट्टी आहे आणि ती वापरायचा विचार योग्यच आहे. माझी हरकत डिसेंबरला, या पॅकेजला आणि तुम्ही लिहिलेल्या तिन्ही वाटांना आहे.

आधी कर्जाचा हिशेब. 3 लाख, 14 टक्के, 24 महिने, म्हणजे हप्ता 14,404. एकूण परतफेड 3,45,696. प्रोसेसिंग फी 2 टक्के आणि तिच्यावर जीएसटी धरली तर आणखी 7,080. म्हणजे तुमची सहल जवळपास 53,000 नी महाग झाली, आणि तेवढ्यात बालीतला तुमचा राहण्या-जेवण्याचा खर्च जवळजवळ निघतो. दुसरं असं की सहल डिसेंबर 2025 ची, शेवटचा हप्ता डिसेंबर 2027 च्या सुमाराला. तेव्हा मुलगी दहावीत असेल, क्लासची फी डोक्यावर असेल, आणि तुम्ही अजून बालीचे पैसे भरत असाल.

एफडी मोडणं गणितात कर्जापेक्षा स्वस्त पडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुदतपूर्व मोडल्याचा दंड किरकोळ असतो, बुडणारं व्याज साडेसहा-सात टक्क्यांचं. तरी ती मोडू नका. घरखर्च, घरकर्जाचा हप्ता आणि विमा मिळून महिन्याला 76,000 लागतात; म्हणजे ही एफडी तुमचे जेमतेम साडेतीन महिने आहेत. अंबड-सातपूरला एखाद्या मोठ्या कंपनीची ऑर्डर कमी झाली की पुरवठादारांकडे पहिला ओव्हरटाइम जातो, मग शिफ्ट, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मुलीच्या फंडाबद्दल फार लिहीत नाही. त्याला हात लावू नका.

आता पॅकेज. तुम्ही पाठवलेला कार्यक्रम दोनदा वाचला. वर ‘नेचर टूर’ असं छापलंय. आठ रात्रींपैकी सहा कुटाला, दोन उबुदला. कुटा हे बालीच्या दक्षिण भागातलं किनाऱ्यावरचं गजबजलेलं गाव, आपल्याकडे बागा-कळंगुट असावं तसं. मुलीला जे बघायचंय ते सगळं उत्तरेला आणि पश्चिमेला आहे. बटूर ज्वालामुखीवरचा सूर्योदय कार्यक्रमात आहे, पण कुटाहून तो करायचा तर रात्री एक-दीडला गाडीत बसावं लागतं. एक धबधबा आहे. बाकी वॉटर स्पोर्ट्स, झोपाळ्यावरचे फोटो, खरेदी आणि ‘कॉफी प्लांटेशन’. ही शेवटची जागा बहुधा लुवाक कॉफीची (उदमांजराने खाऊन बाहेर टाकलेल्या बियांची); तिथे अनेक ठिकाणी उदमांजरं पिंजऱ्यात ठेवतात. पक्ष्यांचं वेड असलेल्या मुलीला ते दाखवायला पैसे मोजू नका.

बटूरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुम्ही नाशिकचे आहात. बटूरची उंची 1,717 मीटर, आपल्या कळसूबाईची 1,646. पायथ्याचं तळंच हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई सातशे मीटरच्या आसपास, दोन तासांची. फरक पायाखाली आहे. कळसूबाईचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. बटूर शेवटचा 2000 साली उफाळला. वर भेगांतून वाफ येते आणि गाइड त्या वाफेवर अंडी उकडून देतात. समोर आगुंग, 3,031 मीटरचा, ज्याच्या 1963 च्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. हे सगळं दिसण्यासाठी आकाश मोकळं हवं. बालीचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरअखेरीस पहाटे चारला डोंगर चढून वर ढगात उभं राहण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि त्याच आठवड्यात नाताळामुळे विमान आणि हॉटेल वर्षातलं सगळ्यात महाग. महाग आणि ओलं, दोन्ही एकदम.

म्हणून मी सहल मे महिन्यात नेईन. कोरडा हंगाम सुरू झालेला असतो आणि आपल्या शाळांना सुट्टी असते. तुम्ही 14,404 चा हप्ता सहलीनंतर दोन वर्षं भरायला तयार आहात. त्याहून थोडे जास्त पैसे सहलीआधी सात महिने भरा. ऑक्टोबर ते एप्रिल, महिना 16,000, साधं आवर्ती ठेव खातं. होतात 1,12,000. पत्रात शेवटी तुम्ही दिवाळीच्या 60,000 बोनसचा उल्लेख केलाय, तो सोफ्यासाठी आहे असं दिसतं. सोफा वर्षभर थांबेल. हाताशी 50,000 आहेतच. एकूण 2,22,000.

एवढ्यात होतं का? माझा ढोबळ अंदाज असा. मुंबईहून एका थांब्याची विमानं तिघांची 1,14,000. आठ रात्री घरगुती गेस्टहाऊसमध्ये, नाश्त्यासह, रोज 4,000 प्रमाणे 32,000. चालकासह गाडी सहा दिवस, 24,000. जेवण 22,500. बटूरचा गाइड, अभयारण्य, होडी वगैरे 20,000. विमा 4,000. आणि जे टूरवाल्यांनी ‘वेगळं’ म्हणून सोडून दिलंय ते: आगमनानंतरचा व्हिसा माणशी 5 लाख इंडोनेशियन रुपिया आणि फेब्रुवारी 2024 पासूनचं पर्यटक शुल्क माणशी दीड लाख रुपिया. आकडे ऐकून घाबरू नका. शेवटची तीन शून्यं खोडून साडेपाचने गुणलं की अंदाजे रुपये येतात. तिघांचे मिळून साधारण पावणेअकरा हजार. बेरीज साधारण 2,27,000. पाच हजार कमी पडतात, ते मे महिन्याच्या पगारातून निघतील. विमानाची तिकिटं जानेवारीत काढा, तोपर्यंत पावणेदोन लाख जमलेले असतील.

मुक्काम मात्र विखरून करा: दोन रात्री बटूरच्या तळ्याकाठी, तीन मुंडुकच्या धबधब्यांच्या गावी, तीन वायव्य किनाऱ्यावरच्या पेमुतेरानला. मुंडुकला जाताना वाट थोडी वाकडी करून जातिलुविहची भातखाचरं बघा. तिथली पाणीवाटपाची जुनी पद्धत 2012 पासून जागतिक वारशात आहे. रोज कुटाला परतायचं नसल्यामुळे गाडीचे दिवसही कमी होतात, माझा 24,000 चा आकडा त्याच हिशेबाने आहे.

आता राखेचा प्रश्न, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. बालीपासून आठेकशे किलोमीटरवर, फ्लोरेस बेटावर लेवोटोबी नावाचा ज्वालामुखी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आणि पुन्हा 2025 च्या जून-जुलैत त्याच्या राखेमुळे बालीची विमानं रद्द झाली. जूनमध्ये दिल्लीहून निघालेलं एक विमान अर्ध्या वाटेतून परतलं. 2017 मध्ये आगुंगमुळे विमानतळच बंद पडला होता. ज्वालामुखीच्या बेटावर जाताना हे गृहीत धरायचं. अशा वेळी विमान कंपनी पैसे परत देते किंवा दुसरं विमान देते, पण अडकलेल्या दिवसांची नुकसानभरपाई तिच्यावर बंधनकारक नसते. आणि पॅकेजचे पैसे आगाऊ भरलेले असतात. कर्ज काढून भरलेल्या, न झालेल्या सहलीचा हप्ताही दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातोच.

यावर दोन गोष्टी करा. प्रवास विमा तिकिटं काढतानाच घ्या. उद्रेकाची बातमी आल्यानंतर घेतलेला विमा त्या उद्रेकासाठी कामाचा नसतो. घेताना ‘ट्रिप कॅन्सलेशन’ आणि ‘डिले’ या कलमांत नैसर्गिक आपत्ती, ज्वालामुखीची राख धरून, येते का ते शोधा. स्वस्त पॉलिसीत कधी फक्त दवाखान्याचा खर्च असतो. दुसरं, एफडीतले 40,000 तीन-चार दिवस अडकण्यासाठी मनात बाजूला ठेवा. अडकलात तरच मोडायचे. मघाशी एफडी मोडू नका म्हणालो त्याच्याशी हे विसंगत वाटेल, पण असल्या अडचणीसाठीच तर ती आहे.

टीसीएसचं थोडक्यात. परदेशी पॅकेजवर 10 लाखांपर्यंत 2025-26 या आर्थिक वर्षात 5 टक्के होता, म्हणजे तुमच्या पॅकेजवर 16,500. तो खर्च नव्हे, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या करात वळता होतो. कंपनीला ठरलेल्या फॉर्ममध्ये ही कपात कळवलीत तर पगारातल्या टीडीएसमध्येच समायोजित होतो. तोपर्यंत पैसे अडकतात एवढंच. विमान आणि हॉटेल वेगवेगळं, स्वतः काढलं तर ते पॅकेज धरलं जात नाही.

तिथे खर्च करताना: बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे लाखाला 4,130. कमी मार्कअपचं कार्ड घ्या किंवा फॉरेक्स कार्ड. मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारलं तर स्थानिक. मी स्वतः एकदा एका हॉटेलच्या काउंटरवर घाईत ‘रुपये’ दाबलं होतं. बिल वाचून बायको काही बोलली नाही, पण पुढचे सगळे व्यवहार तिनेच केले.

तुमच्या मुलीने पत्राखाली तिच्या अक्षरात विचारलंय की बाली मैना दिसेल का आणि 9,000 ची दुर्बीण घेऊ का. पहिल्याचं उत्तर: पेमुतेरानला तीन रात्री त्यासाठीच ठेवल्यात. शेजारचं पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यान हे त्या पांढऱ्याशुभ्र, डोळ्याभोवती निळी कातडी असलेल्या मैनेचं घर आहे. 2001 च्या सुमारास जंगलात बोटावर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या, आता पिंजऱ्यात वाढवून सोडतात. स्थानिक गाइड घ्या, पहाटे जा. दुसऱ्याचं: घे. मात्र आत्ताच घे, मे महिन्यात नको. डिसेंबरात तुम्ही बालीला नसणार, आणि नांदूरमध्यमेश्वरला तेव्हा पाहुणे पक्षी आलेले असतात.