स्केलिंगने दात हलतात का? आधी दात कशावर उभा असतो ते बघू

ताई, तुमचा प्रश्न वाचला, जरा सविस्तरच लिहिते कारण ही भीती मला जवळजवळ रोज ऐकायला मिळते. आईंचं वय ५८, शुगर आहे, खालचे पुढचे दात थोडे हलतायत, डॉक्टर म्हणाले हाड झिजलंय आणि स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण मशीनने काढणं, हिरडीखालूनही करावं लागेल, आणि शेजारच्या काकू म्हणतात की मशीन लावलं की दात खिळखिळे होतात, अजिबात करू नका. काकूंनी जे पाहिलं ते खोटं नसणार, पण तसं का झालं हे त्यांना कुणी नीट सांगितलं नाही. माझं उत्तर सरळ आहे, करून घ्या आणि लवकर घ्या. मी हिरड्यांचंच काम करते, त्यामुळे का ते पण सांगते.

बहुतेकांना वाटतं दात जबड्याच्या हाडात घट्ट रुतून बसलाय. तसं नाहीये. दाताचं मूळ आणि हाड एकमेकांना चिकटलेले नसतातच, मध्ये सगळीकडून एक बारीक फट असते, ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर एवढीच, आणि त्या फटीत हजारो तंतू असतात. त्यांचं एक टोक हाडात पुरलेलं, दुसरं मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात. याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. यातले सगळ्यात जास्त तंतू तिरपे असतात, हाडाकडून खाली मुळाच्या टोकाकडे उतरणारे (हे खालच्या दातांचं सांगतेय, वरच्यांचं उलटं धरा). म्हणजे दात त्या तंतूंवर टांगलेला असतो, सुंभाच्या बाजेवर माणूस बसला की दोऱ्या ताणल्या जातात आणि ओढ चौकटीवर येते तसंच, तुम्ही चावलं की दाबाची ओढ होते आणि ती हाडावर वाटली जाते. म्हणून चांगला दातसुद्धा अगदी किंचित हलतो, तो हलायलाच हवा.

हे लिगामेंट नुसतं धरून ठेवत नाही, त्याला जाणीव पण असते. भाकरीत बारीकसा खडा आला तर तुम्ही तोंडात बघत नाही, पण कुठल्या दाताखाली आला ते लगेच कळतं आणि जबडा आपोआप थांबतो. ते काम याच फटीतल्या नसांच्या टोकांचं. दातात सिमेंट भरल्यावर जरा उंच राहिलं की दोन दिवसांत तो दात ठणकतो, ते पण हेच. इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) हाडाला थेट जुळतं, तिथे हे लिगामेंट नसतं, म्हणून त्यावर चावताना तेवढं बारीक कळत नाही. स्वतःचा दात वाचवण्यासाठी मी एवढी मागे का लागते त्याचं एक कारण हे आहे. मुलांच्या दातांना तारा लावून दात सरकतात ते पण लिगामेंटमुळेच, ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि ओढ पडते तिथे नवं बनतं, आणि लिगामेंट मेलेला, हाडाला चिकटून गेलेला दात तारेने सरकतच नाही.

सिमेंटमबद्दल फार लिहीत नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात, दाताच्या मानेजवळ, म्हणजे हिरडीच्या कडेपाशी, अगदी पातळ आणि मुळाच्या टोकाकडे जाड, आणि आयुष्यभर हळूहळू थर चढत राहतात. एवढं लक्षात ठेवा की तंतूंना पकडायला हा थर लागतोच, आणि हिरडी उतरली की मानेजवळचा पातळ थर घासला जाऊन गार पाणी झोंबतं.

हाडाचं एक वैशिष्ट्य आहे, दाताभोवतीचा हा भाग दातासाठीच बनतो आणि दात गेला की आकसायला लागतो. "हलतोय ना, काढून टाका, कवळी बसवू" असं पटकन म्हणू नका, कवळीलाही बसायला हाड लागतंच. आणि आईंच्या खालच्या पुढच्या दातांपुढचं हाड मुळातच पातळ असतं, त्यात जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात म्हणून कीटण सगळ्यात लवकर तिथेच जमतं. त्यामुळे सुरुवात त्याच दातांपासून झाली यात नवल नाही.

आता हिरडी. आपल्याकडे खूप जणांच्या हिरड्या काळसर असतात, तो रंग आजार नाही, घाबरू नका. बघायचं ते सूज आणि रक्त. हिरडीची कड दाताला चिकटलेली दिसते पण तिच्या आत एक छोटी खाच असते, चांगल्या तोंडात १ ते ३ मिलिमीटर. त्या खाचेच्या तळाशी पेशींचा एक नाजूक थर दाताला धरून असतो, तो चार-सहा दिवसांत बदलत राहतो आणि त्यातून पांढऱ्या पेशी सतत बाहेर येऊन जंतूंशी लढत असतात. हा दरवाजा टिकला तर आतलं सगळं टिकतं.

दाताच्या कडेला प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, बसून राहिला की हिरडी सुजते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूसला हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. या टप्प्यावर सगळं परत येतं. पण काहींच्या बाबतीत सूज तशीच राहिली की तो पेशींचा थर मुळाकडे खाली सरकतो, खाचेचा पॉकेट होतो, तंतू तुटतात, आणि हाड मागे हटतं. हाड जंतू खात नाहीत, आपल्याच शरीराची सूज ते विरघळवते, आणि दुखत काहीच नाही. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच. हाड एकदा गेलं की साध्या साफसफाईने ते परत येत नाही, फक्त उरलेलं थांबवता येतं, म्हणून लवकर म्हणतेय.

असा दात शेवटी निघून हातात येतो तेव्हा मी पेशंटला मुद्दाम दाखवते. मुळाच्या वरच्या भागावर काळपट हिरवट कीटण घट्ट बसलेलं असतं, त्याच्या खाली थोडी मोकळी पट्टी, आणि अगदी टोकाशी ओलसर चकचकीत पातळ पापुद्रा. तो पापुद्रा म्हणजे उरलेलं लिगामेंट, तेवढ्यावर दात उभा होता.

आता काकूंच्या म्हणण्याकडे येते. कीटण दातांच्या मधल्या जागेत भरून त्यांना एकमेकांना जोडून ठेवतं, आणि सुजलेली हिरडी फुगून फटी झाकते. स्केलिंग झालं की तो आधार जातो, सूज उतरते, हिरडी आकसते, मग फटी दिसतात, जीभ सारखी तिथे जाते, थोडे दिवस गार लागतं आणि दात आधीपेक्षा जास्त हलल्यासारखे वाटतात. पण हाड स्केलिंगने गेलेलं नसतं, ते आधीच गेलेलं असतं आणि कीटणाने ते झाकून ठेवलेलं असतं. उलट सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी पुष्कळदा दात आधीपेक्षा घट्ट लागतात. दुर्दैवाने पेशंट नेमके त्या मधल्या दिवसांत घाबरून येणं सोडतात, आणि मग ते दात खरोखर जातात. आईंना हे आधीच सांगून ठेवा, प्लीज.

शुगरचं पण बघा. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही, दोन्हीकडून आहे हे. हिरड्यांचे उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) थोडं खाली येतं असं दिसलंय, म्हणून ताजा रिपोर्ट घेऊनच जा. आणि आई मिश्री लावतात का? विचारताना ओरडू नका, आपल्याकडे कित्येक बायका लहानपणापासून लावतात आणि त्यांना ते दात साफ करणंच वाटतं. पण ती तव्यावर भाजलेली तंबाखूच आहे, घासली जाते तिथली हिरडी उतरते, आणि सवय पण लागते. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांच्या हिरड्यातून रक्त कमी येतं, म्हणून आजार असूनही सगळं ठीक वाटतं, त्यांना पण तपासायला न्या.

डॉक्टरांकडे गेलात की प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खुणांच्या प्रोबने (मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई) हिरडीच्या खाचेची खोली मोजून चार्ट करायला सांगा, आणि एक्स-रे. एक्स-रेमध्ये मुळाभोवती बारीक काळी रेघ म्हणजे लिगामेंट आणि तिच्या बाहेर पांढरी रेघ म्हणजे हाडाची आतली भिंत, हाडाची वरची कड दाताच्या मानेच्या १-२ मिलिमीटर खाली असायला हवी, आईंची किती खाली आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवायला लावा. खोल सफाई भूल देऊन करतात, दुखत नाही. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी परत मोजायचं, तेव्हाही खोल पॉकेट राहिले आणि रक्त येत असेल तर हिरडी उघडून साफ करायचा विचार करतात, सगळ्यांना ते लागत नाही. फारच हलणारे दात मागच्या बाजूने बारीक तारेने एकत्र बांधता येतात. पुढे दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि रोज दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरायचा, नुसत्या टूथब्रशने तिथलं निघत नाही.

चार्ट हातात आला की आकडे इथे टाका, खालच्या सहा दातांचे आणि मागच्या दाढांचे वेगळे लिहा, मी बघून सांगते.