ताडोबात कान लागतात, मारात डोळे

पूर्व आफ्रिकेच्या सफारीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. ताडोबा-पेंच करणारी नागपूरची मंडळी आता केनिया-टांझानियाचा विचार करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको दोघंही पक्के ताडोबावाले. हिवाळ्यात मोहर्ली गेट, उन्हाळ्यात आगरझरीचा बफर, हे ठरलेलं. आता मी निवृत्त झालो, तर मुलगा म्हणतो की केनियाला जाऊन या. पण तिथे वाघच नाही. मोकळ्या मैदानात गाडीतून फिरून आमच्यासारख्यांना नवीन काय मिळणार? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : काका, तुमच्यासारख्यांनीच जायला हवं. ज्याने कधी जंगल पाहिलं नाही, तो तिथे प्राण्यांची गर्दी पाहून हरखतो आणि तेवढ्यावरच परत येतो. तुम्हाला जंगल वाचता येतं. फक्त वाचायची रीत बदलावी लागेल.

ताडोबात आपण कानाने फिरतो. साग-बांबूच्या रानात रस्त्यापासून चार पावलं आतलं दिसत नाही. जिप्सी बंद करून सगळे गप्प बसतात. वानर खाकरलं, चितळाने धोक्याचा कॉल दिला, मग सांबराने दिला, की गाइड सांगतो, वाघ नाल्यानाल्याने पाण्याकडे निघाला आहे. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात हा इशारा डोळ्यांनी टिपायचा असतो. तिथे टोपी नावाचं हरणासारखं, तांबूस-जांभळट कुरंग वारुळावर चढून उभं असतं. ते एकाच दिशेला टक लावून बघत असेल, तर त्या दिशेच्या गवतात कुणीतरी दबा धरून आहे. चरणाऱ्या जिराफांच्या माना एकदम एका बाजूला वळल्या, तरी तेच. गिधाडं एकामागोमाग एकाच जागी उतरू लागली, की समजायचं शिकार झाली. ही सवय एक-दोन दिवसांत लागते, आणि मग ड्रायव्हरच्या आधी तुम्ही बोट दाखवू लागता.

वाघ आपल्याला दोन मिनिटं दिसतो. रस्ता ओलांडतो, एखाद्या झाडावर फवारा मारतो आणि बांबूत शिरतो. त्याचं बाकीचं आयुष्य आपण पंजाच्या ठशांवरून जुळवत बसतो. सिंहांचा कळप तिथे तासन् तास डोळ्यांसमोर असतो. कळपातल्या माद्या सहसा एकमेकींच्या आई, मावश्या, बहिणी. एकीचं पिल्लू दुसरीला जाऊन लुचतं आणि तीही पाजते. मोठं मांजर कुटुंब करून कसं राहतं, हे आपल्या जंगलात पाहायला मिळत नाही.

तरसांसाठी तर मी मुद्दाम वेळ काढायला सांगते. आपल्या विदर्भातला तरस पट्टेदार, बहुधा एकटा, रात्रीचा. तिथला ठिपक्यांचा. तो मोठ्या टोळीत राहतो. टोळीत सत्ता माद्यांची असते आणि मादी नरापेक्षा अंगानेही मोठी. फुकटखाऊ म्हणून त्याची बदनामी झाली आहे, पण त्याचं बरंचसं अन्न त्याने स्वतः शिकार करून मिळवलेलं असतं. एका सकाळी आमची गाडी तरसांच्या बिळापाशी थांबली होती. तेवढ्यात रेडिओवर झाडावर बिबट्या असल्याची बातमी आली. आजूबाजूच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. आमच्या गाडीतल्या वर्ध्याच्या एका मावशी म्हणाल्या, "आपण इथंच थांबू." आम्ही थांबलो. हळूहळू काळी कुळकुळीत पिल्लं बाहेर आली. ठिपक्यांच्या तरसाची पिल्लं जन्मतात तीच काळी आणि उघड्या डोळ्यांची. एक पिल्लू गाडीच्या सावलीत येऊन टायर हुंगू लागलं. मागून आई आली, पाजायला आडवी झाली आणि तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझ्या सगळ्या सफरींतली ती अत्यंत सुंदर सकाळ होती. म्हणून सांगते, तिथे गेल्यावर पळू नका. यादी घरी ठेवा. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांना 'बिग फाइव्ह' म्हणतात, पण ती यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे. पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे प्राणी, एवढाच तिचा निकष होता. आपण तिच्यामागे का धावायचं?

आणखी एक. जॉर्ज शॅलर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६३ ते ६५ या काळात त्यांनी आपल्या शेजारच्या कान्हात राहून वाघ आणि त्याच्या भक्ष्यांचा अभ्यास केला, आणि लगेच १९६६ मध्ये ते टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांच्या अभ्यासाला गेले. कान्हा पाहिलेल्या माणसाने सेरेंगेटी पाहावं, हे मला त्यामुळेही अगदी रास्त वाटतं.

प्रश्न : आम्हाला नऊ दिवसांचं पॅकेज मिळालं आहे. नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा, तिथून सेरेंगेटी आणि शेवटी न्गोरोंगोरो. आम्ही सहा जण आहोत, सोबत सासूबाई (वय ६८). घ्यावं का? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : नको. नऊ दिवसांतले निम्मे दिवस रस्त्यात जातील.

नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत. प्राणी सीमा ओलांडतात, पर्यटकांना मात्र तिथून जाता येत नाही. पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यापर्यंत वळसा घालायचा, दोन्ही देशांचे शिक्के घ्यायचे, गाडी आणि ड्रायव्हर बदलायचा, आणि मग पुढे. पूर्ण दिवस जातो. टांझानियाचा व्हिसाही वेगळा लागतो. अंबोसेलीहून माराला जायचं तर परत नैरोबीवरून जावं लागतं. तोही एक दिवस.

पहिल्यांदा जाताना एकच देश घ्या. केनिया ठरलं तर माराला निदान चार रात्री द्या आणि सोबत अंबोसेली किंवा नाकुरू यांपैकी एकच ठेवा. सासूबाईंना हत्ती आवडत असतील तर अंबोसेली. किलीमांजारोवरचं पाणी जमिनीखालून तिथल्या दलदलीत येतं आणि हत्ती पोटापर्यंत त्यात उभे राहून चरतात. ५,८९५ मीटरचा तो डोंगर आहे टांझानियात, पण दिसतो अंबोसेलीतून, आणि तोही बहुधा भल्या सकाळीच. मग ढग चढतात. नाकुरूची ओळख रोहित पक्ष्यांमुळे झाली, पण गेल्या काही वर्षांत तळ्याचं पाणी खूप वाढलं आणि बरेचसे रोहित दुसऱ्या तळ्यांकडे गेले. आता तिथे जायचं ते गेंड्यांसाठी.

टांझानिया ठरलं तर सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो, म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं विवर. सेरेंगेटी सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी प्रकल्प कोर-बफर, म्हणजे गाभा आणि त्याभोवतीचं जंगल मिळून १,७२७. म्हणजे तिथेही एका कोपऱ्यात मुक्काम करून तोच कोपरा नीट पाहायचा.

नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो. सासूबाईंना कंबरेचा त्रास असेल तर छोट्या विमानाचा खर्च करा, तासाभरात पोचाल. त्या विमानात माणशी १५ किलो सामान चालतं आणि बॅग मऊ कापडाची लागते. चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत.

प्रश्न : विल्डबीस्ट या आफ्रिकी कुरंगांच्या कळपांचं नदी ओलांडणं बघायचंच आहे. सुट्टी मे महिन्यात किंवा दिवाळीत मिळते. कधी जावं? (एक शिक्षिका, अमरावती)

उत्तर : या दोनपैकी निवडायचं तर दिवाळी, आणि तीही ऑक्टोबरात आली तर. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस. माराची माती आपल्यासारखीच काळी, कापसाची. ती भिजली की काय होतं, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. गाडी रुतली की दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहायचं. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप दक्षिणेकडे परतायला लागतात.

कळपांचं वर्षभराचं फिरणं पावसामागे आणि कोवळ्या गवतामागे असतं. जानेवारी अखेर ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या भागात असतात. तिथलं गवत ज्वालामुखीच्या राखेवर वाढतं, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून विणीसाठी माद्या तिथे जातात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्माला येतात. सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी त्यांचं पोट भरून पिल्लं उरतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे धावू लागतं. तिथून कळप वायव्येला सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीपाशी येतात, आणि जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही काठांवर ये-जा करतात.

नदी ओलांडायची तारीख कुणीही सांगू शकत नाही, सांगत असेल तर तो एजंट बदला. कळप काठावर चार-चार तास उभा राहतो आणि एका झेब्र्याने मान झटकली म्हणून मागे फिरतो. बाई, इथे माझी कळकळीची विनंती आहे. काठावर कळप जमला की गाड्या धावत येतात आणि उतरायची वाटच अडवतात. मग प्राणी दुसरीकडे, उंच कड्यावरून उडी मारतात, पाय मोडतात. तुमच्या ड्रायव्हरला आधीच सांगा, आम्हाला लांबून दिसलं तरी चालेल, वाट मोकळी ठेव. पर्यटकाने असं सांगितलं तर ड्रायव्हरला हायसं वाटतं, कारण बहुतेकदा जवळ नेण्याचा हट्ट आपलाच असतो. सिंह-चित्त्यांपाशी एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा माराचा नियम आहे. सहाव्या गाडीत आपण असलो तर मागे थांबायचं.

टीव्हीवर सगळा भर मगरींवर असतो. नदीत त्याहून कितीतरी जास्त जनावरं बुडून मरतात. २००१ ते २०१५ या वर्षांच्या अभ्यासात दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट मारा नदीत बुडाल्याचं दिसलं. त्यांचं मांस गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे खातात. हाडं विरघळायला सात वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं नदीला त्यांतून फॉस्फरस मिळत राहतो. मृत्यूचं ते दृश्य बघवत नाही, पण नदी त्याच्यावर जगते हे माहीत असलं की नजर फिरवावीशी वाटत नाही.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस खरंच लागते का? एजंट म्हणतो, कुणी बघत नाही. (एक वाचक, वर्धा)

उत्तर : लागते. केनियाहून परतताना मुंबईच्या विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, कारण कार्ड दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. केंद्रात नंबर लवकर लागेलच असं नाही, म्हणून दोन महिने आधी हालचाल करा. एकदा घेतली की जन्मभर पुरते. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. फोटोतला इम्पाला अगदी चितळासारखा दिसतो. तो आफ्रिकेतला चितळ आहे का? (एक विद्यार्थी, खामला)

उत्तर : बाळा, प्रश्न फार छान आहे. नाही. चितळ आणि सांबर यांची शिंगं फांद्या फुटलेली असतात, दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. इम्पालाच्या शिंगाला फांद्या नसतात. आत हाड, वर टणक आवरण, आणि ते जन्मभर टिकतं. अशी शिंगं असलेले हरणासारखे प्राणी म्हणजे कुरंग. आपल्याकडचे नीलगाय, काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे कुरंगच. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला संपूर्ण आफ्रिकेत चितळ-सांबराच्या कुळातला एकही प्राणी रानात मूळचा नाही. पुढच्या वेळी पेंचला गेलास तर चितळ आणि नीलगाय यांची शिंगं दुर्बिणीतून नीट बघ आणि चित्र काढून मला पाठव.

प्रश्न : कपडे कुठले न्यावेत? खाण्याचं काय? आणि ताई, स्पष्टच विचारते, दिवसभर गाडीत असताना बायकांनी बाथरूमचं काय करायचं? (एक वाचक, महाल)

उत्तर : स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. बऱ्याच जणी याच भीतीने पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. संडास गेटवर आणि ठरलेल्या जागांवरच असतात. मधे गरज पडली तर ड्रायव्हरला सरळ सांगा. तो मोकळी जागा निवडतो, चहूबाजूंनी बघून घेतो आणि गाडीच्या आडोशाला थांबायला सांगतो. झुडपाकडे कधीही जाऊ नका. लांब कुर्ता किंवा घेरदार परकर असला की अवघडल्यासारखं होत नाही. वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा.

नागपूरच्या उन्हाच्या हिशेबाने सामान भरू नका. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे आणि न्गोरोंगोरोचा काठ त्याहूनही उंच. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत स्वेटर, कानटोपी आणि मफलर तिन्ही लागतात. निळे आणि काळे कपडे टाळा, त्या रंगांकडे त्सेत्से माशा येतात आणि चावा चांगलाच झोंबतो.

शाकाहारी जेवणाची चिंता नको. १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वे बांधायला सुरुवात झाली, तेव्हा हजारो भारतीय कामगार तिथे नेले होते. त्यांच्यामागोमाग आपले व्यापारी गेले. आज चपाती आणि समोसा केनियाच्या घराघरांत आहे. आधी कळवलं तर लॉजवाले डाळ-भात-भाजी करून देतात. सोबत चिवडा, संत्रा बर्फी न्या, पण दुकानातून बंद पाकिटातलं. प्लास्टिकच्या कॅरीबॅग घरीच काढून ठेवा. केनियात त्यांच्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. अभयारण्यांत २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलच्या बाटल्या आणि कापडी पिशव्या भरा. चार्जरसाठी जाड चौकोनी तीन पिनांचा ॲडाप्टर इथूनच, सीताबर्डीवरून घ्या. दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ ची घ्या, आणि घरटी एक नको, माणशी एक.